निमंत्रणपत्रिकेतील पोशाखाची ओळ

पूर्वी निमंत्रणपत्रिकेत तिथी, मुहूर्त, स्थळ आणि खाली निमंत्रकांची नावे एवढा मजकूर आला म्हणजे पत्रिका पुरी होत असे. अलीकडे तिच्या तळाशी आणखी एक ओळ दिसू लागली आहे. सकाळचा विवाहविधी यथासांग पार पडतो. परंतु सायंकाळी जो स्वागतसमारंभ व्हावयाचा असतो, त्याच्या निमंत्रणाखाली ‘पोशाख : फॉर्मल’, ‘ब्लॅक टाय’, ‘इंडियन फेस्टिव्ह’ अशी काही अक्षरे किंवा एखाद्या रंगाचे नुसते नाव असते. मुंबईतील बड्या हॉटेलांपुरती ही रीत आता राहिलेली नाही. भिवंडीसारख्या मागांच्या गावीही ती येऊन पोहोचली आहे. पत्रिका वाचताच घरातील तरुण मंडळी कपाटे उघडतात, वडीलधारी माणसे मात्र चष्मा नीट करून विचारतात, “म्हणजे नेमके नेसावयाचे तरी काय?”

हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो, परंतु तसा तो नाही. पोशाखाची ओळ ही यजमानाने पाहुण्यास उद्देशून उच्चारलेली असते. तिचा अर्थ ‘आपण संकोच न बाळगता यावे म्हणून ही सूचना’ असा होऊ शकतो, आणि ‘असे येणार नसाल तर येऊ नका’ असाही होऊ शकतो. शब्द तेच, पण एका अर्थी ते आतिथ्य आहे व दुसऱ्या अर्थी अपमान. म्हणून या ओळीचा अर्थ, तिचा उगम आणि तिची मर्यादा यांविषयी येथे थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम शब्दांचे अर्थ पाहू. पाश्चात्त्य पद्धतीत सर्वांत कडक पोशाख म्हणजे ‘व्हाईट टाय’. त्यात पुरुषाचा काळा कोट पुढून आखूड व मागे दोन शेपट्यांचा असतो, आत पांढरे जाकीट व गळ्याशी पांढरा बो. स्त्रियांनी पायघोळ झगा घालावयाचा. स्टॉकहोम येथे दरवर्षी १० डिसेंबरला नोबेल पारितोषिके दिली जातात, तेथे हा पोशाख अद्याप पाळला जातो. त्याखालची पायरी ‘ब्लॅक टाय’. येथे कोट शेपट्यांवाचूनचा, त्याची गळपट्टी रेशमी, सदरा पांढरा व बो काळा. यालाच कोणी ‘डिनर जॅकेट’ व अमेरिकन लोक ‘टक्सिडो’ म्हणतात. त्याखाली ‘लाउंज सूट’. हे नाव फसवे आहे. लाउंज म्हणजे बसण्याउठण्याची खोली, तेव्हा घरात वापरण्याचे कपडे चालतील असा कित्येकांचा समज होतो. वास्तविक त्याचा अर्थ नेहमीचा कोट, विजार व टाय एवढाच आहे. ‘स्मार्ट कॅज्युअल’ म्हणजे टाय नको, परंतु कपडे इस्त्रीचे व पायांत नीट जोडे हवेत. राहिला ‘नॅशनल ड्रेस’, म्हणजे राष्ट्रीय पोशाख. आपल्याकडे पुरुषांस बंद गळ्याचा कोट, अचकन किंवा शेरवानी आणि स्त्रियांस साडी, असा त्याचा सामान्यतः अर्थ घेतात.

या शेवटच्या शब्दाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. राष्ट्रीय पोशाख हा वर सांगितलेल्या बहुतेक पायऱ्यांस पर्याय म्हणून मान्य होतो. नोबेलसारख्या कडक समारंभातही त्यास मुभा आहे. २०१९ साली अर्थशास्त्राचे पारितोषिक स्वीकारण्यास अभिजित विनायक बॅनर्जी उभे राहिले, तेव्हा ते धोतर नेसून व बंद गळ्याचा कोट घालून आले होते. त्यांच्या पत्नी एस्तेर डुफ्लो या जन्माने फ्रेंच असूनही साडी नेसल्या होत्या. बॅनर्जी यांच्या मातोश्री माहेरच्या पाटणकर, म्हणजे मराठी. तेव्हा स्टॉकहोमच्या राजासमोर जे धोतर चालले, ते भिवंडीच्या सभागृहात चालणार नाही असे मानण्यास काही कारण नाही.

आता उगमाकडे वळू. आपण ज्या ‘ब्लॅक टाय’ला ताठ पोशाख समजून बिचकतो, तो मुळात सैल पोशाख म्हणून जन्मास आला. लंडनमधील हेन्री पूल या शिंप्यांच्या पेढीच्या दप्तराप्रमाणे १८६५ साली तेव्हाचे युवराज, म्हणजे पुढे सातवे एडवर्ड झालेले राजपुत्र, यांनी घरगुती भोजनाच्या वेळी घालण्यास शेपट्यांवाचून एक आखूड कोट शिवून घेतला. शेपट्यांचा कोट घालून रोज जेवावयास बसण्याचा त्यांस कंटाळा आला असला तर त्यात नवल नाही! तोच आखूड कोट पुढे अमेरिकेत गेला, आणि न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्क येथे १८८६ साली निघालेल्या क्लबामुळे त्यास तेथील नाव चिकटले. एका पिढीने सोयीसाठी केलेली सूट दुसऱ्या पिढीचा कडक नियम कशी होते, त्याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

त्यात पुन्हा गंमत अशी की, या पोशाखाबरोबर कमरेस जो रुंद चुणीदार पट्टा बांधतात, त्याचे इंग्रजी नाव ‘कमरबंड’, म्हणजे आपला कमरबंदच होय. हिंदुस्थानच्या उकाड्यात आत जाकीट सोसवेना, म्हणून येथील गोऱ्या अंमलदारांनी एतद्देशीयांच्या कमरेचा पट्टा उचलला, व तो विलायतेच्या भोजनगृहांत जाऊन प्रतिष्ठित झाला. आज तोच आपल्याकडे परत आला असता आपण त्यास परका समजून दबकतो.

भिवंडीकरांनी तर कपड्यास मुळीच दबकू नये. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तर हिंदुस्थानातून विणकरांची कुटुंबे या गावी येऊन वसली व त्यांचे हातमाग येथे खडखडू लागले. विसाव्या शतकात त्यांची जागा यंत्रमागांनी घेतली, आणि आज देशातील मोठ्या यंत्रमाग-केंद्रांत या गावाची गणना होते. येथे विणलेले कोरे कापड रंगाई-छपाईसाठी बाहेर जाते, आणि सदऱ्याचे, कोटाचे वा अस्तराचे कापड होऊन दुकानांच्या फळ्यांवर चढते. गावाबाहेरच्या महामार्गालगत जी अफाट गोदामे उभी राहिली आहेत, त्यांतून घरबसल्या मागविलेले तयार कपडे मुंबईकरांच्या दारी जातात. मोठ्या शहरातील एखादा गृहस्थ ज्या कोटात ऐटीने मिरवितो, त्याचा धागा आमच्या शेजारच्या मागावरून गेला नसेल असे कोणी खात्रीने सांगावे! येथील मुसलमान शेजाऱ्यांच्या वलीम्यास अथवा मुशायऱ्यास गेल्यास शेरवानी व कुर्त्याचा जो रुबाब दिसतो, तोही सायंकालीन पोशाखाचाच एक सुंदर नमुना आहे. त्यासाठी कोणास विलायतेकडे पाहावे लागत नाही.

पोशाखाचे बंधन ही केवळ पाश्चात्त्यांची उपज आहे असे मात्र कोणी समजू नये. आपल्या घरांतही ते होते, आणि ते काही कमी कडक नव्हते. सोवळे म्हणजे दुसरे काय? मुकटा, कद किंवा पीतांबर नेसल्यावाचून देवघरात पाऊल टाकता येत नसे, व कित्येक घरांत पंक्तीसही बसता येत नसे. कीर्तनास, व्याख्यानास किंवा गाण्याच्या बैठकीस बोडक्या डोक्याने जाणे असभ्यपणाचे समजत. पगडी, पागोटे किंवा टोपी डोक्यावर हवी, व वहाणा मात्र बाहेर. साहेबाचे सगळे याच्या उलट. तो टोपी काढणार आणि बूट ठेवणार. या दोन रीतींचा संघर्ष इंग्रजी अमदानीत इतका विकोपास गेला की सरकारास त्यात लक्ष घालावे लागले, आणि विलायती बूट घालणाऱ्या नेटिव गृहस्थांनी सरकारी समारंभात ते काढण्याचे कारण नाही, असे १८५४ साली ठरवावे लागले. पायताणावर सरकारी ठराव व्हावा, यावरूनच पोशाखात मानापमान किती गुंतलेला असतो ते दिसून येते.

तथापि, आपल्या जुन्या रीतीत एक गोष्ट अशी होती की तिची आठवण आज मुद्दाम करून द्यावीशी वाटते. पाहुण्याने अमुक वस्त्र आणावे असे आपल्याकडे यजमान सहसा सांगत नसे. उलट यजमानच पाहुण्यास वस्त्र देत असे. दरबारात मानाचा पोशाख दिला जाई, लग्नात आहेर होई. विहिणीस साडी, व्याह्यास धोतरजोडी किंवा उपरणे हा केवळ देण्याघेण्याचा व्यवहार नव्हे. ‘आमच्या घरी आपण शोभून दिसावे ही आमची जबाबदारी आहे’ असा त्याचा मूळ भाव. या मानपानावरून रुसवेफुगवे झाले, वधूपित्यांची घरे कर्जात बुडाली, हेही तितकेच खरे, आणि ती रीत होती तशी परत यावी असे आम्ही म्हणणार नाही. परंतु जबाबदारी कोणाची, हा तिच्यातील विचार घेण्यासारखा आहे.

या विषयास दुसरीही एक बाजू आहे, आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वस्त्राचा नियम हा नेहमी दाराशी उभा असतो. तो काहींना आत घेतो, तसाच काहींना बाहेर ठेवतो. सोवळ्याने देवघराचे पावित्र्य राखले असे आपण म्हणतो. पण त्याच सोवळ्याने किती माणसांस अंगणातच थांबविले, त्याचा हिशेब आपल्या घराण्यांनी फारसा मांडला नाही. कोणी कसले कापड वापरावे, लुगडे कोठवर नेसावे, अंगावर कोणता धातू असावा, याचे निर्बंध आपल्या समाजाने खालच्या मानलेल्या जातींवर लादले होते. म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडास जमलेल्या स्त्रियांस डॉ. आंबेडकरांनी जो उपदेश केला, त्यात लुगडे नेसण्याच्या तऱ्हेचा विषय आवर्जून होता. ज्या खुणांवरून अस्पृश्य म्हणून ओळख पटते त्या टाकून द्या, वरच्या वर्गांतील स्त्रियांप्रमाणे लुगडे नेसा, असे त्यांनी सांगितले, व अनेकींनी ते तत्काळ अंमलात आणले. ज्यांस नीट वस्त्र नाकारले गेले होते त्यांच्या पुढाऱ्याने आयुष्यभर व्यवस्थित कोट व टाय वापरावा, यात नक्कल नसून हक्काची घोषणा होती.

याच्या उलट दिशेचे, परंतु त्याच धैर्याचे उदाहरण जोतीराव फुले यांचे. १८८८ साली राणीचे चिरंजीव ड्यूक ऑफ कनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात हरि रावजी चिपळूणकर यांनी समारंभ केला. जरीच्या व जवाहिरांच्या त्या मेळ्यात जोतीराव शेतकऱ्याच्या साध्या वेषात आले, आणि येथे जमलेली नटलेली मंडळी म्हणजे हा देश नव्हे, खरा देश खेड्यांत उघडा व उपाशी आहे, असा आशय त्यांनी राजपुत्रास ऐकविला. तेथे पोशाखच भाषणाचा पहिला परिच्छेद झाला होता.

आणि खाडीपलीकडच्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांस भिवंडीकरांनी कसे विसरावे? वैद्यकी शिकण्यास अमेरिकेस जाण्यापूर्वी, १८८३ साली श्रीरामपूर येथील भाषणात, आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ असे त्यांनी जाहीर केले होते. फिलाडेल्फियाच्या थंडीत नऊवारीने पाय उघडे पडतात असे पाहून त्यांनी पाय झाकणारी गुजराती तऱ्हा पत्करली, परंतु साडी सोडली नाही. महिला वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रमुख रेचल बॉडली यांच्या कारकिर्दीतील, १० ऑक्टोबर १८८५ ही तारीख असलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात आनंदीबाई साडीत, जपानच्या केई ओकामी आपल्या किमोनोत आणि दमास्कसच्या साबात इस्लांबुली आपल्या देशी पोशाखात बसल्या आहेत. तीन देश, तीन वस्त्रे, आणि एकीच्याही चेहऱ्यावर संकोच नाही. यजमानांनी पाहुण्यांस आपल्यासारखे केले नाही, पाहुण्यांनी यजमानांस कमी लेखले नाही. सभ्य समारंभाचे यापेक्षा चांगले चित्र आम्हांस ठाऊक नाही.

सव्वाशे वर्षांनंतर स्वतंत्र भारतात मात्र एक विलक्षण गोष्ट घडली. जुलै २०१४ मध्ये चेन्नईतील एका क्रिकेट क्लबात पुस्तक-प्रकाशनास आलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींस, ते वेष्टी म्हणजे धोतर नेसून आले या कारणास्तव, दारातून परत पाठविण्यात आले. त्यावर इतका गहजब झाला की पुढच्याच महिन्यात तमिळनाडूच्या विधिमंडळाने अशी मनाई करणे हा दंडनीय अपराध ठरविला. २०२४ साली आपल्या नौदलानेही अधिकाऱ्यांच्या भोजनगृहांत कुर्ता-पायजम्यास परवानगी दिली. म्हणजे दार हळूहळू रुंद होत आहे. सार्वजनिक दार रुंद होत असता घरगुती समारंभाचे दार आपण होऊन अरुंद करावे काय, हाच खरा प्रश्न होय.

ते कसे अरुंद होते याचा एक प्रसंग सांगतो. आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबात पुतण्याच्या मुलाचे लग्न ठरले. मुलीकडची मंडळी हौशी; सायंकाळच्या पत्रिकेवर ‘फॉर्मल, सूट’ असे छापले होते. घरातील थोरले काका निवृत्त शिक्षक. जन्मभर धोतर, पांढरा सदरा, काळी टोपी. पत्रिका वाचून ते कोणास काही बोलले नाहीत. समारंभाच्या दोन दिवस आधी सहज म्हणाले, “तुम्ही सारे जाऊन या. मी घरी राहीन. देवापाशी दिवा लावावयास कोणी तरी हवेच.” धाकट्या सुनेच्या ते ध्यानात आले. तिने मुलीच्या आईस दूरध्वनी करून विचारले, “आमचे काका धोतर नेसून येतील, काळा कोट आणि टोपी असेल. चालेल ना?” पलीकडून उत्तर आले, “अहो, चालेल काय म्हणून विचारता! ती ओळ पोरांच्या हौशीसाठी. काका आले नाहीत तर आम्हीच रुसू.” काका गेले, आणि वधूवरांनी पहिला नमस्कार त्यांनाच केला.

परंतु त्याच घरी गेली पंधरा वर्षे स्वयंपाकास येणाऱ्या बाईंसही तीच पत्रिका दिली होती. त्या सकाळच्या लग्नास आल्या, हौसेने सर्व कामांस हातभार लावला, आणि सायंकाळी आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी विचारल्यावर “डोके दुखत होते” एवढेच म्हणाल्या. त्यांच्यासाठी कोणी दूरध्वनी केला नव्हता.

पत्रिकेवरची ओळ ज्यांस सहज पेलते ते तिच्याबद्दल विचारही करीत नाहीत. ज्यांस ती पेलत नाही ते भांडत नाहीत, ते नुसते येत नाहीत. यजमानास आपली चूक कळण्याचा मार्गच राहत नाही. खर्चाचेही तसेच आहे. दहाबारा माणसांच्या घरात एका सायंकाळीसाठी सर्वांनी एका रंगाचे कपडे घ्यावयाचे म्हटले, तर मिळवत्या एकट्या माणसाच्या महिन्याच्या हिशेबात केवढे खिंडार पडते ते गृहिणींस सांगावयास नको. त्यातून आपले मुहूर्त वैशाख-ज्येष्ठातले. खाडीकाठच्या दमट उकाड्यात जाड कोट घालून दोन तास रांगेत उभे राहणे ही शोभा नसून शिक्षा होय.

मग पोशाखाची सूचनाच नसावी काय? आमचे मत तसे नाही. समारंभास साजेसा वेष करणे हा यजमानाचा व प्रसंगाचा मान आहे. सायंकाळी दिव्यांच्या झगमगाटात सर्वांनी नीटनेटके येणे यात आनंद आहे, आणि तरुणांच्या हौसेस नाक मुरडण्याचे आम्हांस प्रयोजन दिसत नाही. फक्त काही पथ्ये पाळावीत. सूचना सरळ मराठीत लिहावी. ‘समारंभास योग्य असा आपला कोणताही पोशाख’ एवढ्या शब्दांनी बहुतेक काम भागते. कोट-टायची हौस असल्यास ‘अथवा भारतीय पोशाख’ हे शब्द विसरू नयेत. नवे विकत घ्यावे लागेल असे काही मागू नये. एकरंगीपणा हवा असेल तर तो यजमानाने द्यावा. दारातच सर्व पुरुषांस फेटे बांधण्याची व स्त्रियांस गजरे देण्याची जी रीत आपल्या लग्नांत आहे, ती या दृष्टीने फार चांगली. फेट्याखाली कोण कोटात आहे व कोण सदऱ्यात, इकडे कोणाचे लक्ष जात नाही, आणि आहेराचा जुना भावही त्यात राखला जातो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्यांस संकोच वाटेल अशी आपल्याला शंका येते, त्यांस घरातील कर्त्या माणसाने स्वतः जाऊन सांगावे.

पाहुण्यांसाठी पथ्ये थोडी आहेत. अर्थ कळला नाही तर निःसंकोच विचारावे. विचारणे हे अडाणीपणाचे नव्हे, आस्थेचे लक्षण आहे. संशय असल्यास किंचित कमी करण्यापेक्षा किंचित अधिक नीट जावे, मात्र वधूवरांस झाकून टाकील असा थाट करू नये. स्वच्छ धुतलेले, इस्त्रीचे व अंगास बरोबर बसणारे वस्त्र कोणत्याही सभेत शोभते. आजीची पैठणी किंवा वडिलांचा जुना बंद गळ्याचा कोट शिंप्याकडून दुरुस्त करून घातल्यास तो नव्या भाड्याच्या कोटापेक्षा शतपट सुंदर दिसतो. आणि नियम मोडावयाचाच असेल तर जोतीरावांप्रमाणे काही सांगण्यासाठी मोडावा, केवळ आळसाने नव्हे.

यंदाच्या लग्नसराईत ज्या घरांतून पत्रिका निघावयाच्या आहेत, त्या घरच्या मंडळींनी छापखान्यात मजकूर देण्यापूर्वी एक करावे. ती शेवटची ओळ घरातील सर्वांत वृद्ध माणसास व कामास येणाऱ्या माणसास वाचून दाखवावी. ती ऐकून दोघांच्याही चेहऱ्यावर समाधान दिसले, तर ओळ बरोबर लिहिली आहे असे खुशाल समजावे.